बेंबी जाग्यावर हाय

सांगली, ता. २ नोव्हेंबर १९७३

ती. आईस दादासोचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

सुलाला अन्न पचत नाही. दोन घास झाले की पोट दुखतं म्हणून उठते. पोरीची हाडं दिसू लागली. तीन डॉक्टर झाले, आता मोठे डॉक्टर पोट उघडून बघू म्हणतात. तुझी सून म्हणते, त्याआधी तुझ्या हातानं बेंबी बसवून घ्यावी. म्हणून लेकीला धाडतोय. तुझी माया तिच्यावर असू दे.

तुझा दादासो

कराड, ता. २१ नोव्हेंबर १९७३

चि. दादासोस आशीर्वाद. अक्षर वाकडं हाय, गुमान वाच.

चाळीस वर्सं लोकांच्या सरकल्याल्या बेंब्या बसवतीया. सुलाचीबी तीनदा बसवली. ती मुळात जाग्यावरच हुती, पर मला माझ्या हाताची घमेंड. मग सुलाची चाहूल लागली की म्हस वराडाया लागली. जाऊन बघतीया तर पोरगी आपली भाकरी गव्हाणीत सारतीया. पोटाचं दुखणं न्हाई बाबा. पोरीला खायाचं भ्या बसलंय.

खोदून इचारलं. शिरवळचं पाव्हणं बघाय आलं, पोरगी लय भरल्याली म्हणालं, आन तू त्यांच्या म्होरं हसून म्हणालास, कमी करू की तिचं खाणं. त्यांच्या बोलण्यापरीस तुझं हसणं लागलंय तिला.

हितल्या डॉक्टरीणबाईला दावली. ती म्हणाली, असा आजार असतोय, मनात सुरू हुतो आन अंगाला खातो. पोट उघडायचं न्हाई. दर आठवड्याला आणा, थोडंथोडं खाऊ घाला, तिच्या अंगावरनं कुणी बोलू नका. ते कुणी म्हंजे तू. पोरीला सोताच्या हातानं लिव.

तुझी आई, तानुबाई

सांगली, ता. ३० नोव्हेंबर १९७३

ती. आईस शि. सा. नमस्कार.

ऑपरेशन नको म्हणून सांगून आलो. शिरवळलाही नकार कळवला. सोबत सुलाला चिठ्ठी आहे, पाच कागद फाडून लिहिलेली. तिला म्हणावं, बापावर राग धर, पण जेव.

दादासो

कराड, ता. २७ जानेवारी १९७४

चि. दादासोस आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी वाचून पोरगी रडली आन त्या दिशी पाणीबी प्याली न्हाई. म्होरं कवा अर्धी भाकरी, कवा नुसतं ताक. मी शेजारी माझं ताट घेऊन बसायची, बोलायची न्हाई. गप बसायला मला किती जड, तुला ठावं हाय. डॉक्टरीणबाई म्हणती, अजून वरीसभर जपायचं.

पर काल मळ्यात हुरड्याला समदी जमली. शेजारच्या गुंडाची बायकू बोलून गेली, सुले, किती खातीस गं. माझा जीव आगटीत पडला. सुलानं हातातलं कणीस चोळलं, फुकून कोंडा उडवला आन म्हणाली,

"काकी, अजून भूक हाय."

मी गुंडाच्या बायकूच्या हातात दुसरं कणीस कोंबलं.

लोभ हाय तुझ्यावर, पर आदी पोरीवर.

तानुबाई