ताट उचलू नको

बाबा, आज आईनं माझ्याशी भांडण काढलं, आणि तेही तुमच्या ताटावरून. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या घरातून तुमचं ताट काही उठत नाही बघा. यंदा तुमच्या स्मृतिदिनाला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, त्याला तुमचा फोटो हवा, आणि फोटो म्हणाल तर ओळखपत्रावरचा एकच, त्यातही शिक्का बरोबर डोळ्या-नाकावरून गेलेला. आई म्हणाली, "घरात पोट्टी पेंटर, कॉलेजात लोकायच्या लेकरायले चित्रं शिकवते, अन् बापाचा फोटो बाजारातून मोठा करून आनाचा? तूच काढ." मी हव म्हटलं. हव म्हणायला काय जातं!

तेव्हापासून रोज दुपारी कोरा कॅनव्हास समोर घेऊन बसते आणि मन भलतीकडेच भटकतं. रेल्वे क्वार्टरचं स्वयंपाकघर दिसतं. पिठाच्या डब्यावर, भिंतीला, तुमच्या त्या जुन्या जर्मन चित्रकाराचं चित्र लटकलं आहे. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि शहरातल्या सगळ्या दफ्तरांच्या पाट्या नव्यानं रंगवायच्या निघाल्या. तुम्ही ड्यूटी संपवून थेट तात्यापारा मोहल्ल्यात, पाट्या रंगवणाऱ्या उस्तादांच्या दुकानात जायचात. तिकडून एकदा कुठल्याशा दफ्तराच्या रद्दीतलं हे कॅलेंडरचं पान घेऊन आलात. टेबलावर मोडलेला पाव, मासा, अर्धा पेला आणि कडेला एक शिंगाळा किडा. माणूस एकही नाही. पानामागे इंग्रजीत त्याची कहाणी छापलेली, आणि मी नववीतली, डिक्शनरी मांडीवर घेऊन तुम्हाला अडखळत सांगते आहे. चार शतकांपूर्वीचा माणूस, बाबा. दुसऱ्या एका चित्रकाराच्या हाताखाली होता. तो माणसं काढायचा, आणि माणसांपुढची फळं, फुलं, भांडी हा भरायचा. मग यानं पुढे माणसंच वगळली आणि नुसतं टेबल ठेवलं. त्यांच्या देशात असं करणारा जवळजवळ पहिलाच. त्याच्याकडे शिकलेल्या एकानं आपल्या सावत्र मुलीला शिकवलं, आणि तिनं फुलं-किडे काढून मोठं नाव कमावलं.

"पाह्य, पोट्टीले शिकवलं," तुम्ही म्हणालात. हातातला घास तसाच होता. मग हळूच म्हणालात, "अन् हा त माह्यासारखाच निघाला." खरंच होतं ते. उस्ताद पुढाऱ्यांचे चेहरे काढायचे आणि तुम्ही त्यांच्या गळ्यातले हार. त्या वर्षी चौकाचौकात स्वागताचे बोर्ड लागले होते. झेंडूची फुलं सगळी तुमची, खाली नाव उस्तादांचं. त्याचं तुम्हाला कधी वाईट वाटलं का, मी विचारलं नाही. मी एवढंच विचारलं, "पन बाबा, याच्यात मानसं काहून नाहीत?" तुम्ही चित्रातल्या अर्ध्या पेल्यावर बोट ठेवलंत. "अवं, आताच उठून गेला असन कोनी. पानी प्याले. येते ना वापस."

मग काय, दर रविवारी जेवण झालं की ताट हलवायचं नाही असा नवा कायदा निघाला. वरणाचा सुकत चाललेला ओघळ, काठाला सारलेली मिरचीची देठं, पितळेचा गिलास, शेजारी वंदनेची उरलेली मेणबत्ती, आणि पाटावर ब्रश घेऊन तुम्ही. खिडकीतून ऊन यायचं आणि गिलासावर बसायचं. पण आई ती आई! उष्टं ताट पुढ्यात घेऊन बसलेला शहाणा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता.

"माशा बसून राहिल्या त्याच्यावर!"

"बसू दे. त्या जर्मनच्या चित्रातबी बसते."

"त्याची बायको भांडे घासत नसन मंग!"

"ताट उचलू नको, मी सांगून राहिलो तुले."

तुम्ही रंग कालवायला वळलात की ताट मोरीत. म्हणून तुमची सगळी चित्रं अर्धीच राहिली. ट्रंकेत आहेत अजून. कुठे नुसता गिलास, कुठे पाऊण ताट.

आणि आता माझं अर्धं राहत होतं. कपाळ काढलं, पुसलं. डोळे काढले, ते काकांचे झाले. परवा कॅनव्हाससमोरच डुलकी लागली, तर तो जर्मन आपल्या पाटावर बसून वरणभात कालवतो आहे, तुम्ही त्याला मीठ वाढताय, दोघं हसताय, आणि दोघांचीही पाठ माझ्याकडे. मी हाका मारते आहे, पण कोणी वळत नाही. जाग आली आणि मी ताटच काढायला घेतलं. हात कसा सरसर चालला, बाबा! भाताची शितं, वरणातून फिरलेली बोटं, गिलासावरचा तुमचा ठसा.

आईनं आज ते पाहिलं मात्र, घर डोक्यावर घेतलं. "उष्टं ताट भिंतीले लावते का कोनी? चार लोकं येतीन, काय दाखवू त्यायले? मानूस कुठं हाय याच्यात?" मीही तुमचीच लेक. "तुले त ताट दिसलं का उचलाचीच घाई!" म्हणून मोकळी झाले. ती आत निघून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी वंदना झाल्यावर ती मेणबत्ती घेऊन चित्रापुढे आली. सवयीनं हात पुढे गेला तिचा, थेट ताटाच्या काठाला, आणि ओला रंग बोटाला लागला. तिनं बोट पाहिलं, पदराला पुसलं नाही. "देठं इकडंच सारत," ती म्हणाली, आणि मग, "राहू दे. उठून गेले असतीन. येतीन."

म्हणजे त्या दिवशी तुमचं बोलणं ती चुलीपाशी ऐकत होती, बाबा.

हा कागद मी तुमच्या ट्रंकेत, त्या अर्ध्या चित्रांत ठेवून देणार. आईला वाटतं, त्या जर्मनचा मान राखायला मी माणूस काढला नाही. तसंच वाटू दे तिला. तुमचा चेहरा मला आठवत नाही, बाबा. ताट तेवढं आठवतं.