लंडनमधला कडू घास

आई, मी सध्या लंडनमध्ये राहतो. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, तिथं ज्वारी मिळते का. मिळत नाही. यंदा आपल्या कोल्हारातही मिळत नाही. थोरल्याचं पत्र आलंय की पावसानं पुन्हा दगा दिला, बाया प्रवरेच्या वाळूत झिरे खणून हंडे भरतात, आणि रेशनवर परदेशातलं मिलो नावाचं तांबडं धान्य येतं, त्याची भाकरी थापताना वहिनी रोज एक नवी शिवी घडवते. तेव्हा ज्वारीपुरते आम्ही दोघे भाऊ सारखेच. मला इथल्या एका ग्रंथालयानं जुन्या संस्कृत पोथ्या लावायला बोलावलंय. मी ओट्यावर बसून शब्दरूपं घोकायचो, तेव्हा तू गोठ्यातून हाक मारायचीस, "शास्त्रीबुवा, देवाची भाषा लई झाली. आता बैलास्नी समजंल आसं कायतरी बोला, आन् पानी दावा त्यांना." अजून तसंच चाललंय. पोथ्यांशी माझं बरं जमतं, बसच्या कंडक्टरशी जमत नाही.

राहायला एक माडीवरची खोली आहे, खाली मालकीणबाई आणि तिचा म्हातारा नवरा. ती मिळेपर्यंत मी पुष्कळ दारं वाजवली. पाटी भाड्याची असायची, पण माझा चेहरा दिसला की खोली नुकतीच गेलेली असायची. या बाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एकच अट घातली, "माझ्या घरात काही तळायचं नाही. वास आला की खोली सोडायची." मार्चमध्ये तुझी सून आणि तू न पाहिलेली नात इकडे येणार आहेत, त्यांच्यासाठी शेजारची खोलीही द्यायचं तिनं कबूल केलं होतं. म्हणून सगळा हिवाळा मी उकडलेल्या बटाट्यांवर काढला. ऋषिमुनींच्या कंदमुळांबद्दल मी संगमनेरच्या वर्गात फार आदरानं शिकवत असे. तो आदर आता बराच ओसरला आहे. अट आपल्या रंगामुळे आहे हे मी मनाशी धरूनच चाललो होतो. म्हातारा मात्र जिन्यात भेटला की धापा टाकत म्हणायचा, "आज गारठा आहे." मी म्हणायचो, आहे. आमची मैत्री एवढीच, पण ती रोजची होती.

गेल्या महिन्यात तो वारला. त्याला नेलं, पडदे ओढले गेले, आणि घर गप्प झालं. शेजारपाजारचे लोक दाराच्या फटीतून कार्डं सरकवत आणि पाय न वाजवता परत जात. इथे याला सभ्यपणा म्हणतात. असेलही. मी संध्याकाळी खोलीत बसून खालची चाहूल घेत होतो. कपबशीचासुद्धा आवाज नव्हता.

आणि मला आपल्या पलीकडच्या आळीतली काकू दिसायला लागली, तिचा नवरा गेला त्या दिवशीची. त्या घरी चूल पेटलेली नाही. तू भाकरी-पिठलं फडक्यात बांधतेस, कडू घास न्यायला. मी कॉलेजातून सुट्टीला आलेलो, शहाणपण ताजं आहे. मी म्हणतो, "त्यांना विचार तरी, भूक आहे का." तू गाठ मारता मारता म्हणतेस, "इचारायचं नसतंय रं. दुक झाल्यालं मानूस काय सांगनार, भूक लागली म्हनून?" मग काकूसमोर तू मांडी घालून बसतेस, ती पहिला घास घेईस्तोवर हलत नाहीस. काकू चिडते, रडते, तुला जा म्हणते. तू बसूनच.

बेसन माझ्याजवळ होतं, एका गुजराती दुकानातून आणून बायको येईपर्यंत जपून ठेवलेलं. मी बराच वेळ डब्याकडे बघत बसलो. दुसरी खोली शोधायची म्हणजे पुन्हा ती सगळी दारं, आणि मार्च तोंडावर आलेला. मग कांदा चिरला. बंद घरात लसणाची फोडणी कशी हिंडते ते तुला सांगायला नको. भाकरी गव्हाची केली, ती तव्यावरच मोडली. तुकडे ताटात मांडून मी खाली गेलो.

मालकीणबाई स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. "मी तुम्हाला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"सांगितलं होतं. पण आमच्याकडे अशा दिवशी घरात विस्तव पेटवत नाहीत. शेजारचे आणून देतात."

"माझा गॅस चालू आहे."

"हो, पण त्याच्यावर काहीच नाही."

मी ताट ठेवलं आणि समोरच्या खुर्चीत बसलो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आता तुम्ही जाणार का?"

"तुम्ही एक घास घेतलात की."

आई, इथे बोलावल्याशिवाय कुणाच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत, आणि मी तर तिथं तळ ठोकला होता. त्यांनी पोलिसांना बोलावलं असतं तर मला काही सांगता आलं नसतं. शेवटी त्यांनी काट्याच्या टोकावर थोडं पिठलं उचललं. "फार तिखट आहे," म्हणाल्या, आणि दुसरा घास घेतला. मग ताटाकडे बघतच बोलल्या, "तळणीच्या धुरानं त्याला श्वास घेता यायचा नाही. रात्र रात्र खोकायचा. म्हणून ती अट होती. आता तुम्ही काय हवं ते तळा."

इतका हिवाळा मी ज्या अटीवर मनातल्या मनात वाद घालत होतो, ती माझ्यासाठी नव्हतीच. आता मोकळीक मिळाली आहे, पण मी अजून एकदाही फोडणी घातलेली नाही. तुझी सून आली की घालेल, पण मी का घातली नाही हे तिला समजावून सांगणं कठीण जाईल.

हे पत्र कुठं टाकणार, म्हणून ते माझ्याजवळच राहील. त्यामुळे एक गोष्ट लिहायला हरकत नाही. मी तिथं बाईंसाठी बसलो होतो असं वर वाचताना वाटेल, ते पुरतं खरं नाही. त्यांनी दुसरा घास घेतल्यावर भाकरीचा एक तुकडा मीही उचलला. या शहरात आल्यापासून कुणाच्या समोर बसून जेवायची माझी ती पहिलीच वेळ होती.