नदीतली छत्री

पांढुर्णा, ८ फेब्रुवारी १९६०
मी आजारी नाही. केवळ उठवत नाही. बी.कॉम. झालेल्या, संत्रा-बागाईतदार संघाच्या चिटणिसाला हे शोभत नाही. संकल्प: उद्यापासून पहाटे उठणे.

९ फेब्रुवारी
उठलो नाही. थंडी होती.

१४ फेब्रुवारी
उर्मिलेने परसातल्या विहिरीवर फळ्या ठोकून घेतल्या. पाचोळा पडतो, म्हणाली. पत्नी व्यवस्थित असावी ती अशी. विहिरीपाशी एकही झाड नाही, हे मी तिच्या नजरेस आणले नाही.

२२ फेब्रुवारी
नागपूरला मनोविकारांच्या डॉक्टरांकडे गेलो. नागपूर आता परराज्यात. ओळखीचे कोणी भेटणार नाही, असा अंदाज होता. सौंसरचे चिंधूजी दवाखान्याच्या दारातच भेटले.

डॉक्टर म्हणाले, उदासीचे दोन आजार वरून सारखेच दिसतात. एकात माणूस नुसता खचतो. दुसऱ्यात तो पूर्वी कधीतरी अवाजवी उसळलेलाही असतो. औषधे निराळी. तसे कधी झाले होते काय? मी ‘नाही’ म्हणालो. उर्मिला बोलू लागली, तेव्हा तिला बाहेर बाकावर बसण्यास सांगितले.

गेल्या पोळ्यानंतरच्या गोटमारीचा, म्हणजे दोन गावांनी नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारण्याच्या आमच्या वार्षिक प्रथेचा, उल्लेख केला नाही, कारण तो आजार नव्हता. जाम नदीत, पळसाच्या झाडापाशी, छत्री उघडून उभा राहिलो आणि पांढुर्णा व सावरगाव यांनी दगड खाली ठेवून लवाद नेमावा, असे भाषण केले. दोन्ही काठ थांबले. त्या महिन्यात झोपेची गरजच भासली नाही. आयुष्यात माझे म्हणावे असे तेवढेच आहे. तेही आजारात जमा केले, तर मी उरतो कुठे?

७ मार्च
नव्या गोळ्यांचा उपयोग नाही. अन्न मातीसारखे लागते. संकल्प: आशावादी राहणे. दुपारी विहिरीवरच्या फळ्यांचे खिळे हलवून पाहिले. पक्के आहेत.

२० मार्च, पहाट
पूर्ण बरा! गोळ्या अप्रतिम. झोप अनावश्यक. पांढुर्ण्याची संत्री विमानाने थेट लंडनला! धावपट्टीसाठी घरामागची बाग योग्य आहे. कवडू गड्याला माणसे व कुऱ्हाडी घेऊन बोलावले आहे. उर्मिला फाटकात आडवी बसली आहे. थोर कार्याला आरंभी विरोध होतोच.

२४ मार्च
जमीन मोकळी झाली. उर्मिला रडून राहिली आहे. आनंदाश्रू असावेत.

१८ एप्रिल
मध्यंतरी लिहिणे झाले नाही. मेहुणे श्रीकांत यांनी धरून नागपूरला नेले. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. या वेळी उर्मिलेला बाहेर पाठवले नाही. तिने बाग सांगितली, गोटमार सांगितली. मी एवढेच म्हणालो, की त्या दिवशी दोन्ही काठांनी माझे ऐकले होते.

“तुमचं ऐकून नाही थांबले जी ते,” उर्मिला म्हणाली. “सावरगावच्या काठावर मी पदर पसरला होता. इकडच्या काठावर श्रीकांत एकेकाच्या पाया पडून राहिला होता.”

डॉक्टरांनी त्या गोळ्या बंद केल्या. हे आधी कळते तर दिल्याच नसत्या, म्हणाले.

१९ एप्रिल
उठलो नाही. थंडी नाही.
विहिरीवर आता खरोखरच पाचोळा पडतो. तोडलेल्या बागेतून येतो. उर्मिला रोज झाडते.