डब्यातले चार वाटे

४ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची मनीऑर्डर आजच परत पाठवली. रागावू नका. म्हणजे रागवा, पण राग मामीवर काढू नका. लिफ्ट-दुरुस्तीच्या परवान्याची परीक्षा फी मी माझ्या कमाईतून भरणार, हे तुम्हाला आधीच सांगितलं होतं. महिनाअखेर मुदत आहे आणि निम्मी जमली आहे. पगार खोलीच्या भाड्यात आणि क्लासात जातो, तेव्हा उरलेली सारी भिस्त हॉटेलातल्या टिपेवर. नाही जमली तर वर्ष वाया. टिप कुणालाही मिळो, ती पत्र्याच्या डब्यात पडते आणि शनिवारी तिचे सारखे वाटे होतात. वाटेकरी चौघं: मी, दुसरा वेटर, आचारी आणि भांडी घासणाऱ्या मावशी.

आता तक्रार. गेल्या महिन्यात तुम्ही इथे जेवलात आणि टिपेऐवजी ताटाखाली लाल शाईतली चिठ्ठी ठेवून गेलात. सेवा समाधानकारक, पेला वेळेवर भरला, हसण्यात सुधारणेस वाव. शाळा-तपासनीस निवृत्त झाला, पण पेन काही निवृत्त होईना! सगळ्या स्वयंपाकघराने ती वाचली. मावशींनी विचारलं, ही वाण्याला दिली तर किती साखर येते. तो माणूस माझा सख्खा मामा आहे हे मी सांगितलं नाही, तेवढी तुमची अब्रू राखली.

मायेत काटकसर नसावी, ही विनंती.
तुमची भाची

९ जून

चि. भांडकुदळ भाचीस,
अनेक आशीर्वाद.

मनीऑर्डर परत आली. पोस्टमनसमोर शोभा झाली. तुझी मामी खुदकन हसली, म्हणून दोन दिवस तिच्याशी बोलत नाही. तिला ते अजून कळलेलं नाही.

टिपेबद्दल माझं मत ऐक. एकतीस वर्षं शाळा तपासल्या. पाढे चांगले शिकवले म्हणून कुठल्या मास्तरच्या हातावर कुणी नाणं टेकवलं? काम करावं, पगार घ्यावा. पगार कमी असेल तर मालकाची मानगूट धर, गिऱ्हाइकाच्या खिशाकडे काय बघतेस? आणि अनोळखी माणसाचे पैसे चालतात, सख्ख्या मामाचे चावतात, हा कुठला न्याय? उत्तर दे. मुद्देसूद दे.

प्रकृतीला जप, जिभेला त्याहून जप.
तुझा मामा

१३ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मुद्देसूद देते. मालकाची मानगूट धरून झाली. बघू म्हणाला. तो बघेपर्यंत आम्ही काय करायचं? मास्तरला म्हातारपणी पेन्शन असते, आमच्या मावशींना नुसती पाठदुखी. आचाऱ्याच्या हातून मीठ जास्त पडलं तरी बोलणी मी खाते, तीही हसतमुखाने. पगार ताट आणून ठेवण्याचा. पण रडणाऱ्या बाळाला कडेवर घेऊन त्याच्या आईला चार गरम घास खाऊ दिले, त्याचा पगार कुठे लिहिलाय? ते पाहून कुणी दोन नाणी ठेवली, तर पाय दुखायचे थांबत नाहीत, पण दुखतात हे कुणालातरी कळलं असं वाटतं.

आणि तुमचे पैसे मला भाची म्हणून मिळतात. भाची व्हायला मला काडीचे कष्ट पडले नाहीत. एवढा परवाना मला स्वतःच्या कष्टाचा हवा आहे, मामा. मनापासून हवा आहे.

राग गिळावा, माया चालू ठेवावी.
तुमची भाची

१७ जून

चि. बाळीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून यांचं काही खरं नाही. दोन दिवस टेबलाशी बसून कार्बन लावून काहीतरी लिहीत होते. मी चहा घेऊन गेले की परीक्षेतल्या पोरासारखं हाताने झाकायचे. काल नऊ पाकिटं पेटीत टाकून आले, पत्ते सगळे तुझ्या गावातले. विचारलं तर म्हणे कार्यालयीन बाब. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, कसलं डोंबलाचं कार्यालय? तू आपली सावध राहा.

हे पत्र वाचून फाड, माझी आठवण मात्र ठेव.
तुझी मामी

३० जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला वाटलं असेल, आपण नामानिराळे राहू. पण मामा, ज्यांच्या शाळा तुम्ही तपासल्यात, ते तुमचे निवृत्त हेडमास्तर! दहा दिवसांत एकेक करून नऊ जण आले. गळ्यापर्यंत बटणं लावलेले, ताठ. जेवले, आणि डब्यात नोट टाकायची सोडून प्रत्येकाने चिकटवलेलं पाकीट माझ्या हातात दिलं. वर लिहिलेलं, परिपत्रक क्रमांक एकनुसार टिप सादर, पोच मिळावी. एकाने हळूच विचारलं, यायला उशीर झाला त्याचं कारण साहेबांना लेखी कळवावं लागेल का. अजून टरकून आहेत हो बिचारे!

मी भयंकर संतापले. काल सगळी पाकिटं ओट्यावर मांडली आणि जाहीर केलं, हे माझ्या मामांचं कारस्थान आहे, ही कमाई नव्हे, सगळी परत जाणार. आचाऱ्याचं तोंड उतरलं. मावशींनी हात पुसले, पाकिटं फोडून चार वाटे केले, आपला पिशवीत टाकला आणि मला विचारलं, त्या नऊ जणांना वाढलं कुणी. मी म्हटलं, मीच. त्यातल्या कवळीवाल्यांना तर पाव सुपात भिजवून मऊ करून दिला होता. मग मावशी म्हणाल्या, हुकूम खोटा असेल, पण ते जेवले खरे, तू वाढलंस खरं आणि ताटं मी घासली तीही खरी. तुला तुझा वाटा परत करायचा तर कर, माझ्या वाट्याला हात लावशील तर याद राख.

मग मीही माझा वाटा उचलला. आज दुपारी फी भरली. खिडकीपासून चार पावलं आले आणि भर रस्त्यात रडू आलं. तुमच्यावरच्या रागाने आलं असं समजा.

आता शेवटचं. परिपत्रक नऊच्या नऊ जणांनी पाळलं. पाळलं नाही ते फक्त काढणाऱ्याने. तेव्हा रविवारी मामीला घेऊन जेवायला या. दारात मी तुमची भाची, टेबलाशी वेटर.

माया आहेच, ती वाढावी. येताना सुटे पैसे आणावेत, ही विनंती.

तुमची भाची