बुधूमामाच्या ऐनाचा खटला

तीर्थस्वरूप पंढरीदादा यांस,

धाकटा आतेभाऊ कोंडू याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिण्यापुरता समजावा, माझा डावा गुडघा अजून वाकत नाही.) पत्र लिहिण्यास कारण की, फोन केला की तू 'साहेबांसमोर आहे' म्हणतोस, आणि मेसेज केला तर दोन निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. कल्याणच्या कचेरीत शिपायाला इतका वेळ साहेबांसमोर उभं करतात हे ऐकून तुझ्या भावजयीला, भिमीला, तुझ्या पायांची काळजी लागली आहे. वहिनींची कंबर कशी आहे? अंजूचं कॉलेज नीट चाललंय ना? तू नोकरीत पक्का झाल्याचे पेढे गोजरबरोबर पाठवलेस ते पोचले. गोड होते. इकडे सिद्धगडाच्या पायथ्याला आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे मागच्या वेळी होतो तितकेच. भात बरं आलंय. रानडुकरांचंही तेच मत आहे. दिवाळीनंतर तू जेसीबी आणून बांध सपाट करणार आणि तिथे घर बांधणार, असंही गोजरकडून कळलं. आनंद झाला. त्याबद्दल खाली लिहितो.

माझ्या केसची चौकशी तू केली नाहीस, तरी सांगतो. तुला सगळं ठाऊक आहेच, मामाच्या सरणापाशी तू माझ्या शेजारीच उभा होतास. पण प्रत्येक नव्या वकिलाला पहिल्यापासून सांगून सांगून मला तशीच खोड लागली आहे. परवा भिमीनं मीठ कुठाय म्हणून विचारलं, तर मी 'त्याचं असं झालं' म्हणून सुरुवात केली. तर त्याचं असं झालं. आपल्या पाड्यात म्हातारा माणूस आपल्या सरणाचं झाड हयातीतच ठरवून ठेवतो. बुधूमामानं तुमच्या बांधावरचा वठलेला ऐन राखून ठेवला होता. सरपणाला म्हणून कुणी त्याची फांदी जरी ओढली तरी ओरडायचा, "माज्यावर काय ओली लाकडा टाकनार हाव काय रे?" मामा गेला भर श्रावणात. दर घरानं सरणाला एक लाकूड द्यायचं ही आपली रीत, पण घराघरातलं लाकूड भिजलेलं. तू कल्याणहून निघताना फोनवर म्हणालास, बांधावरचा ऐन तोडा, मी येतोच. मी तोडला. स्मशानाकडे जायची वाट वनखात्याच्या हद्दीतून जाते, तिथे वनरक्षक भेटला. बाकीच्यांनी ओंडके टाकून रान गाठलं. माझा गुडघा हा असा, मी ओंडक्याखालीच राहिलो.

माणूस वाईट नव्हता. म्हणाला, आधी मयत उरका, मग पंचनामा करू. टोपी काढून शेवटपर्यंत उभा राहिला, आणि मग त्यानं विचारलं, लाकूड कुठलं? सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं, तू जमिनीकडे पाहिलंस, मी तुझ्याकडे पाहिलं. तू तेव्हा नोकरीत कच्चा होतास. कुणीच बोलेना म्हणून त्यानं 'राखीव वनातील' असं लिहून टाकलं. उरलेला एक ओंडका आणि माझी कुऱ्हाड सरकारजमा झाली. बाकीचा पुरावा मामाबरोबर गेला.

तू म्हणशील, असल्या केसमध्ये काय होतंय, दंड भर आणि मोकळा हो. सगळे हेच म्हणतात. पण मी आश्रमशाळेत रोजंदारीवर स्वयंपाक करतो, आणि हेडमास्तरांनी स्पष्ट सांगितलंय की केस चालू आहे तोवर ठीक, चोर ठरलेला माणूस मुलांच्या कोठीघरात ठेवता येणार नाही. म्हणजे मला सुटायलाच हवं. सुटायला वकील हवा. गरिबाला सरकार फुकट वकील देतं असं कळलं, मी अर्ज केला, आणि वकील मिळालासुद्धा. मिळाला म्हणजे त्याचं नाव मिळालं. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात. मी मोजणार नव्हतोच, पण गाय निदान गोठ्यात यावी की नाही?

पहिले साईनाथ वकील. राहायला शहापूरला. फोनवर म्हणाले, भेटायला या, केस समजून घेऊ. मी शाळेतली भाजी फोडणीला टाकून, पुढचं भिमीवर सोपवून निघालो. मुरबाडहून एक एस.टी., किन्हवलीला उतरून दुसरी, असं करत शहापूर गाठलं, तर त्यांच्या बायकोनं सांगितलं की साहेब तुम्हालाच भेटायला मुरबाडला गेलेत. (मला नव्हे, तिथे त्यांची पैसेवाल्या पक्षकाराची तारीख होती, पण बाई भली होती, चहा दिला.) मी परत फिरलो. किन्हवलीच्या स्टँडवर समोरून येणाऱ्या गाडीच्या खिडकीत काळा कोट दिसला. मी हात केला. त्यांनीही केला. आमची पहिली भेट ती. दुसऱ्या खेपेलाही असंच झालं, फक्त त्या वेळी त्यांनी हात केला नाही.

शेवटी ते तारखेला कोर्टात आले. घामाघूम, बगलेत फायलींचा गठ्ठा. माझं नाव पुकारलं गेलं आणि दादा, काय बोलला तो माणूस! म्हणाला, माझा अशील अत्यंत गरीब आणि कुटुंबवत्सल असून त्यानं पत्नीवर कधीही हात उचललेला नाही, शेजाऱ्यांनी आकसानं तक्रार केली आहे, आणि पत्नी आजही त्याच्या घरी सुखानं नांदत आहे. मला भरून आलं. माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं. भिमी मागच्या बाकावर बसली होती, तीही मान डोलावत होती. न्यायाधीश साहेबांनी चष्मा काढून विचारलं, वकीलसाहेब, यात लाकडाचं काय? तेव्हा कळलं की साईनाथ वकिलांच्या हातात दुसऱ्याचीच फाइल होती. पुढची तारीख पडली. बाहेर आल्यावर भिमी म्हणाली, "तू मला मारीत नाय, येवढा सांगाया सरकारनी वकील दिला? मला इचारला असता त मीच सांगितला असता." (ज्याची ती फाइल होती त्या बिचाऱ्याच्या वेळी साहेबांनी ऐनाबद्दल भाषण केलं असेल का, हा विचार मला अजून छळतो.)

साईनाथ वकिलांना मी दोष देत नाही. सरकार त्यांना एका केसमागे जे देतं ते एस.टी.च्या तिकिटात जातं, आणि तेही कधी येईल ते येवो. माणूस दमलेला होता. मीही दमलेलो होतो. दोन दमलेली माणसं मिळून एक केस चालवायची म्हणजे पायमोडक्या बैलांची जोडी झाली.

मग भावेश वकील आले. हे हुशार, मोबाइलवर बोलता बोलताच माझ्याशी बोलायचे, त्यामुळे कुठलं वाक्य माझं ते मला ओळखावं लागे. त्यांचं एकच औषध. कबूल हो. "साहेबांनी विचारला का फक्त हो बोलायचा, दंड भरायचा, टाइम वाचतो." मी म्हणालो, साहेब, लाकूड चोरलेलं नव्हतं. ते म्हणाले, तुम्हाला न्याय पाहिजे की निकाल पाहिजे? मी म्हणालो, आधी मला नोकरी पाहिजे. त्यावर ते हसले, पण ते हसणं मोबाइलमधल्या माणसासाठी होतं. एका तारखेला तर त्यांनी मला पुढे उभं करून हळूच कोपर मारलं, म्हणजे मी हो म्हणावं. मी 'नाय' म्हणालो. न्यायाधीश साहेबांनी तर अजून काही विचारलंच नव्हतं, ते पाणी पीत होते.

भावेश वकिलांचा एक उपकार मात्र विसरता येणार नाही. त्यांनी मला शहापूरच्या कायदेविषयक शिबिराला नेलं. मोठा मांडव, सतरंज्या, व्यासपीठावर खुर्च्यांची रांग. आम्हाला सकाळीच आणून बसवलं, पाहुणे दुपारी आले. गरिबाला कायद्यानं काय काय दिलेलं आहे हे ऐकताना माझ्या शेजारच्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. (तिला सकाळपासून बाहेर जायचं होतं.) मग 'लाभार्थींचा सत्कार' पुकारला आणि पहिलं नाव माझं. मी वर गेलो. लाभ कसला झाला हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मला गुलाबाचं फूल आणि जांभळाचं रोप दिलं, आणि रोप देणारे पाहुणे वनखात्याचे मोठे साहेब निघाले. झाड चोरल्याचा आरोप असलेल्या माणसाला वनखात्यानं झाड दिलं आणि दोघांनी मिळून ते धरून फोटो काढला. साहेब म्हणाले, झाडं लावा, झाडं जगवा. मी हो म्हणालो. ज्यासाठी भावेश वकील इतके दिवस कोपर मारत होते तो माझा हो शेवटी वनखात्याला मिळाला.

तो फोटो फलकावर छापून शहापूरच्या स्टँडसमोर लावला आहे. तेव्हापासून पाड्यात मी मोठा माणूस झालो. गोजर आला, म्हणाला, "तुजी वळख हाय, माज्या मेव्हण्याला पन येक फुकट वकील बघ ना रे." मी त्याला समजावलं की बाबा, वकील मिळणं सोपं आहे, तो भेटणं अवघड आहे, आणि भेटला तर त्यानं आपल्याला ओळखणं त्याहून अवघड. त्याला वाटलं मी भाव खातोय. आता तो बोलत नाही.

सारांश, दादा, इतक्या तारखा झाल्या, इतके कागद झाले, पण लाकूड कुठलं हे पंचनाम्यानंतर मला एकाही वकिलानं विचारलं नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं. शाळेत डाळ घोटताना डाळीला म्हणून दाखवायचो. विचारतच नाहीत तर सांगणार कुणाला? आता कंटाळा आला आहे. राग यायचा तोही येत नाही. जे व्हायचं ते होईल. तू काळजी करू नये. वहिनींना नमस्कार, अंजूला आशीर्वाद.

तुझा
कोंडू

ता. क. येताना जमलं तर एक कुऱ्हाड आण. माझी सरकारजमा आहे आणि भिमी कोयत्यानं लाकडं फोडते, मला बघवत नाही.

ता. क. वर मी लिहिलं की एकाही वकिलानं विचारलं नाही. ते गेल्या तारखेपर्यंत खरं होतं. भावेश वकिलांनी काम सोडलं आणि त्यांच्या जागी कुणाली मॅडम आल्या आहेत. नुकत्या कॉलेजातून आलेल्या, चपलांना चिखल. मी 'त्याचं असं झालं' म्हणणार तोच त्या म्हणाल्या, मी फाइल वाचली आहे. (दादा, मला घाम फुटला. अशी सवय नाही राहिली.) म्हणाल्या, "कोंडूभाऊ, या एवढ्या कागदांत तुम्हाला कुणी विचारलेलंच दिसत नाही. लाकूड तोडलं कुठून?" ज्या प्रश्नाची इतके दिवस वाट बघितली तो समोर आला आणि मी त्यांच्या चपलांवरचा चिखल बघू लागलो. कारण उत्तरात तुझं नाव आहे. त्या म्हणाल्या, झाड खाजगी बांधावरचं असेल तर चोरीचं कलमच उभं राहत नाही, परवानगीचं काय ते वेगळं बघू, पण झाडाच्या मालकानं येऊन सांगायला हवं. मी म्हणालो, विचारून सांगतो. त्या म्हणाल्या, कुणाला? मी म्हणालो, पाणी पिऊन येतो, आणि तडक एस.टी. पकडून घरी आलो. आजवर वकील माझ्यापासून पळत होते. या वेळी मी पळालो.

ता. क. त्या मॅडमनी माझा पिच्छा सोडलेला नाही. दिवाळीनंतरच्या रविवारी एस.टी.नं पाड्यात येऊन ऐनाचा खुंट स्वतः बघणार आहेत. तेव्हा जेसीबी तेवढा थांबव. बांध गेला की खुंट जाईल आणि मग बांधावर ऐन होता हे फक्त मामा सांगू शकेल. ते जांभळाचं रोप मी खुंटाशेजारीच लावलंय, तेही धरलंय. कोर्टाची तारीख तुळशीच्या लग्नानंतरच्या सोमवारी आहे. तू कच्चा होतास तोवर मी गप्प बसलो. आता पेढे खाऊन झाले.

ता. क. एवढं लिहून मी भिमीला वाचून दाखवलं. ती म्हणते, फार लांबण लावली, माझं एकच वाक्य घाला. घालतो: "दादा, झाड माजा होता असा बोलाया भ्याव वाटत आसंल त ता नका बोलू, पन ज्याला जाळला तो बाप माजा होता, येवढा तरी कोर्टात येऊन सांगा."