फिर म्हटलं की फिरायचं

१४ डिसेंबर, रविवार

पपा, बरीच वर्षं तुला काही लिहिलं नाही, माफ कर. वही रोज भरते, पण ती माझी मला असते. तू गेल्यानंतर सुरुवातीला तुला उद्देशून काही पानं लिहिली होती, मग ते मलाच नाटकी वाटायला लागलं आणि थांबले. आज पुन्हा लिहितेय, कारण आज जे झालं ते तुझ्या होडीत झालं आणि दुसऱ्या कुणाला ते पुरतं कळणार नाही.

होडी अजून आहे. तू शेवटी शेवटी हौसेने बांधून घेतलेली, शिडाची. दादाच्या मोठ्या बोटीच्या पलीकडे वाळूत ताडपत्रीखाली ती किती दिवस पडून होती. गणपतीनंतर दादाने सांगितलं की तो डोलकाठी काढून मागे मशीन बसवणार, म्हणजे मुलांना जाळी टाकायला तरी उपयोग होईल. मी म्हटलं, शिडावरच राहू दे, मी चालवेन. तो हसला. एकट्याने शीड चालत नाही, सुकाणूवर एक आणि दोरावर एक लागतोच, हे त्याने मला सांगायची गरज नव्हती. त्याच्या मुलांना शिडात रस नाही. मग म्हणाला, "भावजींना बसव. नाताळापर्यंत दोघांनी चौक गावापर्यंत नेऊन दाखवा, मग बघू."

त्याला वाटलं, विषय संपला. कारण तुझा जावई होडीत बसत नाही हे आपल्या आख्ख्या पाली गावाला माहीत आहे. तुला आठवतं, तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा तू त्याला काहीच विचारलं नव्हतंस. ना जात, ना धर्म, ना पगार. मी कॉलेजातून घरी येऊन सांगितलं होतं की मुलगा मराठवाड्यातला आहे, बौद्ध आहे, आणि आई दोन दिवस बोलली नव्हती. तू त्याला जेवायला वाढलंस आणि मग खाली किनाऱ्यावर घेऊन गेलास. होडीत चढ, म्हणालास. तो वाळूत उभाच राहिला. तू आणखी एकदाही म्हटलं नाहीस. आपल्या चपला काढून त्याच्या हातात दिल्यास, "मग ह्या सांभाळ," म्हणालास आणि चक्कर मारून आलास. तेव्हापासून घरचे सगळे बोटीत बसून निघाले की हा काठावर चपला राखत उभा. दादा त्याला अजून त्यावरूनच चिडवतो, आणि तोही हसून घेतो.

तो भित्रा नाही, पपा. इमारतींच्या साइटवर असतो, कठडा नसलेल्या विसाव्या मजल्यावर जाऊन स्लॅबची लेव्हल तपासतो. पण पायाखालची जमीन कलली की त्याचं सगळं जातं. बुडायची भीती नाही म्हणतो, कलण्याची वाटते. मी त्याला होडीचं विचारलं तेव्हा तो ताटातला भात कालवत राहिला आणि मग म्हणाला, "तुला लैच पाहिजे ना ती काठी? चल मग." हो म्हणताना त्याचा आवाज कसा होता हे मी ऐकलं होतं. तरी मी पुढे गेले. मला डोलकाठी हवी होती की नवऱ्याची भीती जायला हवी होती, हा प्रश्न मी वहीत बऱ्याचदा लिहिला. प्रामाणिक उत्तर अजून येत नाही.

पहिल्याच रविवारी मी घोळ घातला. आपल्या घरात भ्यायलेल्याच्या हातात काम द्यायचं ही रीत. लहानपणी मी रडायला लागले की तू मला कापलेला तेलाचा डबा द्यायचास, तळातलं पाणी उपस म्हणायचास, आणि उपसता उपसता भीती विसरायची. मी तेच केलं. नारिंगी लाइफ जॅकेट चढवून तो मधल्या फळीवर बसला, मी डबा त्याच्या हातात दिला. पण इतके महिने कोरडी पडलेली होडी पहिले काही दिवस पाणी पिते, फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत आत झिरपतंच, हे त्याला कुठून माहीत असणार? मला ते इतकं आतून माहीत होतं की सांगायचं सुचलंच नाही. उभ्या केलेल्या बोटींच्या पुढेही आम्ही गेलो नव्हतो. पाणी त्याच्या घोट्यापर्यंत आलं तसा तो वेड्यासारखा उपसायला लागला. शर्ट भिजला, चष्म्यावर थेंब. "अगं, बुडायली ही! पाणी यायलंय आत!" आणि मी हसले. मोठ्याने, पपा, दादाला काठावर ऐकू जाईल इतकं. तो म्हणाला, "मागं घे." मी म्हटलं, थोडं पुढे जाऊन वळू. त्या 'थोडं पुढे'ने त्याचा जो काही धीर उरला होता तोही गेला.

किनाऱ्याला लागल्यावर दादाने विचारलंच, "काय भावजी, चपला तरी सुक्या हायत ना?" यावेळी तो हसला नाही. चपला घालून सरळ बस स्टॉपवर गेला. भाईंदरला घरी आल्यावर मी त्याला फुगणाऱ्या लाकडाचं सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला, "हे कळतंय मला. आम्हीबी स्लॅबला पाणी मारतावच की. पण तू हसायलीस." मग टीव्ही लावला.

त्यानंतर काही रविवार मी एकटीच पालीला जायचे, होडी पाण्यात ठेवायची, पाणी उपसायची आणि परत यायची. असंच एकदा आई ओट्यावर बोंबील सुकत टाकत होती, मी तिच्याशेजारी बसून तक्रार करत होते. आई वसईकडच्या वाडीतली, केळीच्या बागेतली, तीही कधीकाळी पाण्याला घाबरायची हे मी विसरूनच गेले होते. तिने आठवण करून दिली त्या सणाची. मी नवा फ्रॉक घातलेला, आजोळी जत्रेला तुझ्या जुन्या शिडाच्या होडीने चाललो होतो, आणि खाडीच्या तोंडाशी आई म्हणाली, फिरव. तू फिरवलीस. मी आदळआपट केली, तर तू मला दटावलंस, आयुष्यात मोजक्या वेळा दटावलंस त्यातलं हे एक: "बोटीत एक जरी म्हणाला फिर, तर बोट फिरते. कारण इचारायचं न्हाय." मग आपण रस्त्याने इतका वळसा घालून गेलो की जत्रा उठत आली होती. मी तुझ्यावर आठवडाभर रुसले होते. मला कळत नव्हतं की इतका मोठा माणूस एका शब्दावर बोट कशी फिरवतो. आई आता बोंबलांवरून हात न थांबवता म्हणाली, "मी वाट बघत होते, तुझा पपा घरी येऊन तरी इचारेल, का फिरवायला लावलीस. न्हाय इचारला. मग पुढच्या जत्रेला मीच आधी जाऊन बसले."

घरी येऊन मी त्याला एवढंच सांगितलं, की तू फिर म्हटलंस की मी फिरवीन, का म्हणून विचारणार नाही, हसणार नाही. तो म्हणाला, बघू. पुढच्या रविवारी आला. होडी आता कोरडी होती, सांधे मिटलेले. शीड भरायच्या आत म्हणाला, "फिर." फिरवली. त्याच्या पुढच्या रविवारी त्याच जागी पुन्हा. दादा काठावरून काहीतरी ओरडला. मला आतून इतका राग आला होता की दोर हातात रुतत होता, पण तोंड बंद ठेवलं. वाटलं, हा मला तपासतोय, स्लॅबला लेव्हल लावावी तसा. तपासत असेलही. तिसऱ्या वेळी तो 'फिर' म्हणाला नाही. पिण्याच्या पाण्याची अर्धी बाटली समोर फळीवर आडवी ठेवून तो तिच्याकडे बघत बसला होता. होडी कलली, आणि तो स्वतःशीच म्हणाला, "ही कलली तरी पाणी सपाटच राहायलंय." एवढंच. पण खांदे सैल झालेले मला दिसले. नंतर त्याने स्वतःहून सुकाणू मागितलं. तुझ्यासारखा झुकून नाही बसत, ताठ बसतो, पण हात हलका आहे.

आज दुपारी निघालो चौकला. तो सुकाणूवर, मी दोरावर. किनाऱ्यावरच्या घरांमागून चर्चचा मनोरा दिसायला लागला, डावीकडे मोकळा समुद्र, वारा धरून होता. तू असतास तर गुणगुणला असतास. चौकच्या होड्या समोर दिसत होत्या, अगदी रंग ओळखू यावेत इतक्या जवळ. आणि वाऱ्याचा एक झोत आला, शीड फट्‌कन भरलं, होडी कलली, आणि मी दोर दोन्ही हातांनी आवळून धरला. या जागी दोर धरून मी शंभरदा बसले असेन, पण प्रत्येक वेळी सुकाणूवर तू होतास. माझ्या तोंडून निघालं, "फिरव."

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. "दोर सैल सोड," म्हणाला, मीच शिकवलेल्या शब्दांत, आणि सुकाणू दाबलं. होडी गोल वळून पालीकडे तोंड करून उभी राहिली. परतीच्या वाटेवर त्याने ती बाटली उचलून माझ्यासमोर ठेवली.

दादा गुडघाभर पाण्यात येऊन उभा होता. "चौक दिसत होता ना भावजी? परत फिरलात?" हा म्हणाला, "मीच म्हणलो फिर." वाळूत उतरून माझ्या चपला शोधल्या आणि माझ्या पायांपुढे ठेवल्या. दादा होडी ओढता ओढता पुटपुटला की फिरवली मात्र नीट, पपा फिरवायचा तशी, आणि काठी सध्या राहू दे, मशीनवाल्याला न्हाय सांगतो. आई चहा घेऊन आली. सगळे हसत होते, तोही. मी चहा प्यायले, खरं काय ते सांगितलं नाही.

वारा फार नव्हता, पपा. तुझ्या काळी अशा वाऱ्याला आपण वारा म्हणतही नव्हतो. एवढंच सांगायचं होतं. हे पान कुठे जाणार नाही, वहीतच राहील. तो आत झोपलाय, त्याचं ओलं लाइफ जॅकेट खिडकीत आहे, आणि का फिरवायला लावलं हे त्याने अजून मला विचारलेलं नाही.

उद्या: शाळेत शिकवून आल्यावर दादाला फोन करून सांगायचं, फिर मी म्हणाले होते.