लाल डिंक्या

११ सप्टेंबर, अमरावती
दुकानात फवारणीच्या औषधांसाठी गर्दी. अचलपूरचे रफिकचाचा बाटलीत एक किडा घेऊन आले. वरून हिरवट राखाडी, पंख उघडले की आत लालभडक. तोंडापुढं बारीक लाल काडी. इतका देखणा किडा पाहिला नव्हता. फोटो काढला. शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या आंब्यावर बसतो म्हणे.
"नाव काय याचं, बेटा?"
मागं गिऱ्हाईकं उभी. नाव सांगितल्याशिवाय औषध विकल्या जात नाही, हे मालकांनी पहिल्याच दिवशी शिकवलं. तोंडातून निघालं, "लाल डिंक्या." औषध दिलं.
"पढालिखा पोरगा बसवला तुमी," चाचा मालकांना म्हणाले. बारावी अर्धवट आहे, हे मालकांनाच माहीत.

१३ सप्टें.
डिंक्याच का सुचावं? डिंक्या म्हणजे संत्र्याचं मरण. खोडातून डिंक गळतो, झाड वाळतं. अन् त्या आंब्याला लागूनच चाचांची संत्र्याची बाग आहे. चाचांना वाटेल, हा किडा बागेत डिंक्या आणणार.

१७ सप्टें., अकोला
मालकांच्या कामानं आलो. वंदनाताईला फोटो दाखवला. मावशीची पोरगी, इथं शेतीचंच शिकते.
"लँटर्नफ्लाय आहे रे. कंदीलमाशी म्हण. म्हणजे माशीही नाही अन् उजेडही पडत नाही. जुन्या काळी कोणाले वाटलं तोंड चमकते, तेच नाव चिकटलं."
"डिंक्या करतो का?"
"कोण बावळट म्हणते?"
"एक गिऱ्हाईक."
ताईशी खोटं बोललो. ती म्हणाली, थोडा रस पितो, एवढ्या मोठ्या आंब्याला काही होत नाही. नेमकी जात कॉलेजच्या मॅडमना विचारून कळवते.

१८ सप्टें.
चाचांना फोन केला. मी बोलायच्या आत तेच, "बेटा, आंबा पाडला. फवारून भरोसा काय? बाग वाचली तुझ्यामुळं."
त्या आंब्याला शेप्या म्हणायचे. शेपूसारखा वास, शिवारात तसा एकच. नाव त्यांच्या अब्बांनी ठेवलेलं.
मी "बरं" म्हणालो. बरं!

२१ सप्टें.
दोन अनोळखी माणसं. "लाल डिंक्याचं औषध द्या."
म्हटलं, संपलं. मालकांनी आतून आणून दिलं. वर मलाच, "काहून रे, झोपेत हायेस का?"

२४ सप्टें., अचलपूर
सुटी मागून आलो. चाचा पाडलेल्या शेप्याच्या बुंध्यावर बसले होते. शेजारचे गजाननभाऊ कुऱ्हाड घेऊन उभे. त्यांच्याही आंब्यावर तो किडा दिसला आहे.
"हाच तो पोरगा," चाचा कौतुकानं म्हणाले, अन् सरकून मला जागा केली.
बसलो नाही. "भाऊ, पाडू नका."
"काहून?"
"ते नाव मी मनानंच सांगितलं होतं. त्या किड्यानं काही होत नाही."
चाचा बुंध्यावरून उठले. म्हणाले, "मंग खरं नाव काय हाय?"
"कंदीलमाशी."
"उजेड राहते का त्यात?"
"नाही."
"हं." एवढंच. शिवी दिली असती तर परवडलं असतं.
गजाननभाऊ म्हणाले, "तुमी दुकानवाले. आज एक सांगता, उद्या दुसरं. कोणतं खरं मानू?" अन् कुऱ्हाड खांद्यावर टाकून वावराकडं गेले.
फाट्यावर बसची वाट पाहत लिहितो आहे. त्यांचा आंबा इथून दिसतो. अजून तरी कुऱ्हाडीचा आवाज नाही. एक बस सोडून दिली.